जायचा वेळ, यायचा वेळ

हॅम्बर्गच्या फुल्सब्यूटल विमानतळावर, दुसऱ्या मजल्यावरच्या एका अरुंद खोलीत श्रीपाद आठल्ये नावाचा मिरजेचा माणूस बसत असे. त्याला कुणीही, कधीही, कुठल्याही दोन विमानतळांची नावं सांगावीत. कोपनहेगन? "दोनशे ऐंशी किलोमीटर, पन्नास मिनिटं." ऑस्लो? "सातशे, दीड तास." स्टॉकहोम? हे ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर, पाढे म्हणायला सांगितलेल्या हुशार मुलासारखं हसू येई. "आठशे. पण जेवण वाढायचं असेल तर पावणेदोन तास धरा."

आणि हा माणूस जन्मात एकदाही विमानात बसलेला नव्हता.

चोपन्न साली तो मुंबईहून बोटीने जिनोआला उतरला, तिथून आगगाडीने हॅम्बर्गला आला, इंजिनियरिंगच्या शाळेतून पदविका घेऊन बाहेर पडला आणि भाड्याने विमानं देणाऱ्या एका लहानशा कंपनीत चिकटला. शाळांच्या सहली, फुटबॉलचे संघ, एखाद्या बँड पथकाची वरात असल्या मंडळींना कंपनी विमान देई. किती अंतर, किती वेळ, किती वाजता निघायचं, याचा पहिला आराखडा श्रीपाद करी. पुढे वैमानिक हवामान बघून पक्कं गणित करत, पण गिऱ्हाइकाला पहिला आकडा सांगायचा मान श्रीपादचा. तो आकडा सहसा बदलावा लागत नसे, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे.

"तुम्ही स्वतः का नाही हो बसत कधी विमानात?" असं बायकोने, वसुधेने, विचारलं की तो म्हणे, "मी बसलो तर वेळ कोण मोजणार?" खरं कारण असं की त्याला उंचीची भीती वाटे. बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणीसुद्धा वसुधाच घाली. पण इतक्या वर्षांच्या संसारात तिने हे बाहेर फोडलं नव्हतं. तिचं मन मोठं होतं असं म्हणा, नाहीतर वेळ येईल तेव्हा वापरायला तिने हुकमाचं पान राखून ठेवलं होतं असं म्हणा.

त्याच्या खोलीत कमरेइतका उंच पृथ्वीचा गोल होता. अंतरांची छापील पुस्तकं कपाटात होती, पण श्रीपादचा विश्वास गोलावर. एक दोरा घ्यायचा, एक टोक हॅम्बर्गवर, दुसरं टोक जिथे जायचं तिथे, ताणून धरायचा, मग पट्टीवर मोजायचा. कचेरीतला दोरा एकदा हरवला, तेव्हा त्याने घरून जानव्याचा दोरा आणला. त्याची आई दर श्रावणात मिरजेहून जानव्यांची पुडी पाठवी. गळ्यातलं केव्हाच सुटलं होतं, पण सुताचा एकेक पदर असा सुटा करून तो पृथ्वी मोजी. आई पत्रात विचारी, "जानवं वापरतोस ना रे?" आणि हा अगदी खरंखुरं लिही, "रोज."

एकोणीसशे बासष्टच्या वसंतात सुधीर करंदीकरचं लग्न निघालं. सुधीर जहाजबांधणीत डॉक्टरेट करत होता. फेब्रुवारीतल्या पुरात त्याची खोली छातीइतक्या पाण्यात गेली, तेव्हापासून तो लांगनहॉर्नला फ्राऊ हार्म्स नावाच्या विधवा बाईंकडे राहत होता. तिथून विमानतळ मोटारीने दहा मिनिटांवर. त्याची वाग्दत्त वधू मालिनी फणसळकर वाईची, शिष्यवृत्तीवर हेलसिंकीला विणकामाची कला शिकत होती. ईस्टरच्या सुट्टीत ती हॅम्बर्गला येऊन गेली तेव्हा श्टान्डेसआम्टमध्ये, म्हणजे तिथल्या विवाह नोंदणी कचेरीत, दोघांच्या सह्या झाल्या होत्या, शिक्के बसले होते, जर्मन सरकारच्या लेखी ती नवराबायको होती. मालिनीच्या वडिलांच्या लेखी मात्र तो एक दाखला होता. लग्न व्हायचं होतं.

मालिनीचे वडील दिनकरराव फणसळकर पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. खुब्याचं हाड मोडल्यामुळे ते वाईच्या घराबाहेर पडू शकत नव्हते, मग परदेशी जाणं कुठलं? त्यांचं पत्र सुधीरला आलं. अक्षर पोस्टाच्या शिक्क्यासारखं ठसठशीत.

"आम्ही येऊ शकत नाही, तुम्ही इतक्यात येऊ शकत नाही. मानपान, आहेर, जेवणावळ यांतलं काही मागत नाही. एकच मागतो. वैशाख वद्यात, २७ मे रोजी, गोरजाचा मुहूर्त आहे, सायंकाळी सहा वाजून बावन्न मिनिटे. त्या क्षणी आम्ही उभयता ओट्यावर बसून मालूच्या फोटोवर अक्षता टाकू. त्याच क्षणी तिकडे तिच्या डोक्यावर पडाव्यात. लेकीच्या लग्नाला हजर होतो असं मला म्हणता यावं, एवढंच."

पत्र वाचून सुधीरचं तोंड उतरलं, कारण सव्वीस तारखेला, शनिवारी, मालिनीची शेवटची तोंडी परीक्षा होती आणि रविवारी सकाळच्या विमानात जागा नव्हती. तो पत्र घेऊन थेट श्रीपादच्या घरी आला. श्रीपादने पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. त्याचे स्वतःचे वडील तो बोटीवर असतानाच गेले होते, आणि तार त्याला जिनोआला मिळाली होती. त्याबद्दल तो कधी बोलत नसे.

"हे माझ्याकडे सोपव," तो म्हणाला.

"पण श्रीपादराव, विमान..."

"आल्झो, हे बघ, ऐक. सत्तावीस तारखेला हेलसिंकीचं एक भजनी मंडळ हॅम्बर्गला यायचंय. चाळीस बायका, चर्चमध्ये गाणाऱ्या. विमान आपल्या कंपनीचं. एक जागा रिकामी आहे. मालिनीला मी त्यात बसवतो."

वसुधेने पोहे आणून ठेवले. श्रीपादने ते बाजूला सारले, पत्राचा लिफाफा उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडलं. वाईचे सहा बावन्न म्हणजे हॅम्बर्गचे दोन बावीस. हेलसिंकीचं घड्याळ हॅम्बर्गच्या एक तास पुढे. अंतर अकराशे सत्तर किलोमीटर, हे त्याला पाठ होतं, गोलावर नऊ सेंटिमीटर दोन मिलिमीटर. वेळ दोन तास पाच मिनिटं, तोही पाठ. भजनी मंडळाला सकाळी आपल्या चर्चमध्ये गायचं होतं, म्हणून हेलसिंकीच्या साडेबाराला निघणं त्यांना सोयीचं, म्हणजे हॅम्बर्गचे साडेअकरा. एक पस्तीसला विमान खाली. पासपोर्टला दहा मिनिटं, मोटारीला दहा, शालू नेसायला बारा.

"बाराच?" वसुधा म्हणाली.

"बरं, पंधरा. तरी बारा मिनिटं उरतात. मंगलाष्टकं सावकाश म्हणायला सांगू भास्करला."

भास्कर हा रसायनशास्त्रात संशोधन करणारा मित्र. हॅम्बर्गच्या मराठी मंडळींत मंगलाष्टकं त्यालाच येत होती, म्हणून भटजी तोच.

त्याच रात्री श्रीपादने दिनकररावांना कधी न पाहता, न भेटता, पत्र लिहिलं. "तीर्थस्वरूप दिनकरराव यांस साष्टांग नमस्कार. मी वेळा मोजण्याचाच धंदा करतो. सहा बावन्न म्हणजे सहा बावन्न. मिनिटाचाही फरक पडणार नाही, हा माझा शब्द."

आठ ग्रह एकत्र येऊन जग बुडणार म्हणून त्याच फेब्रुवारीत अर्धा देश होमहवन करत होता, आणि जग काही बुडालं नव्हतं. तेव्हा एका मुहूर्ताला काय होणार, असा त्या दिवशी सगळ्यांचाच सूर होता.

सत्तावीस मेचा रविवार हॅम्बर्गने खास आंदण दिल्यासारखा कोरडा उजाडला. फ्राऊ हार्म्सनी बागेतली सफरचंदाची झाडं रंगीत कागदांनी सजवली होती आणि लोण्याचा मोठा सपाट केक, बुटरकूखन, भाजला होता, कारण त्यांच्याकडे लग्न म्हटलं की तो हवाच. वसुधेने अक्षता तयार केल्या. अंतरपाटाला फ्राऊ हार्म्सचा टेबलक्लॉथ घेतला. त्यावर स्वस्तिक काढायचं नाही, हे वसुधेला कुणी सांगावं लागलं नाही. तिने कुंकवाचं कमळ काढलं. सुधीर मुंडावळ्या बांधून सफरचंदाखाली उभा होता आणि शेजारची पोरं कुंपणावर बसून त्याला न्याहाळत होती.

सव्वाबारा वाजता श्रीपादने सहज म्हणून फ्राऊ हार्म्सच्या फोनवरून कचेरीत फोन लावला. ड्यूटीवर विमानांच्या ये-जेची नोंद ठेवणारे यान्सेन होते, पन्नाशीचे, पाइप ओढणारे, कधीही आवाज न चढवणारे.

"हो, आठल्ये. निघालंय तुमचं विमान. अकरा एकतीसला. दोन वाजून एकोणीस मिनिटांनी उतरेल."

श्रीपाद हसला. "एक वाजून छत्तीस म्हणायचंय तुम्हाला."

"दोन एकोणीस," यान्सेन म्हणाले. "समोरून वारा आहे. आणि तो नेहमीच असतो, तुम्हाला माहीत आहे. माझ्या फॉर्मवर मी पंधरवड्यापूर्वीच सव्वादोन लिहिलंय. तुम्ही पाहिला नाहीत का?"

श्रीपादने फॉर्म पाहिला नव्हता. आकडा पाठ असताना पाहायचा कशाला? आणि त्या क्षणी त्याला लख्ख दिसलं की पाठ होता तो जायचा आकडा. हॅम्बर्गहून हेलसिंकीला जाताना वारा पाठीशी, दोन तास पाच मिनिटं. येताना तोच वारा छातीवर, पावणेतीन तासांहून जास्त. कचेरीतल्या फॉर्मवर जायचा आणि यायचा असे दोन वेगळे रकाने होते, म्हणून तिथे तो कधी चुकला नाही. लिफाफ्याच्या पाठीवर रकाने नव्हते. आणि दोऱ्याला काय, त्याला जाणं आणि येणं सारखंच.

फोन ठेवून तो पायरीवरच बसला. दोन एकोणीसला विमान खाली, दोन बावीसला मुहूर्त. वाईला एक म्हातारा माणूस मोडक्या खुब्याने ओट्यावर बसणार होता, याच्या शब्दावर. सुधीरला सांगायची हिंमत होईना, म्हणून त्याने वसुधेला सांगितलं.

वसुधा रागावली, यात नवल नाही. "बारा मिनिटं उरतात म्हणे! शालू नेसायला बारा!" एवढं बोलून तिने पदर खोचला. "आता बसून काय होणार? उठा. ती इथे पोचत नाही ना, मग आपण तिथे जाऊ."

"कुठे?"

"विमानतळावर. तुमचाच आहे ना तो, रोज सांगत असता!"

पुढच्या दीड तासात फ्राऊ हार्म्सच्या बागेतून अख्खं लग्न उचललं गेलं. कंपनीची फोक्सवागनची बस यान्सेननी पाठवली. तीत मुंडावळ्यांसकट सुधीर, पोथी छातीशी धरलेला भास्कर, अक्षतांचं तबक, समई, दोन पाट, अकरा मराठी विद्यार्थी आणि मांडीवर बुटरकूखन घेतलेल्या फ्राऊ हार्म्स. त्या म्हणाल्या, केकशिवाय मी येणार नाही आणि माझ्याशिवाय केक येणार नाही. शेजारची पोरं सायकली घेऊन मागे लागली.

बाहेरून येणाऱ्या प्रवाशांच्या दालनात, पासपोर्ट तपासणीच्या लाकडी कठड्याशी वरात थांबली. कठड्याच्या आत पासपोर्टचा अधिकारी उभा होता, तरुण, कानापर्यंत केस कापलेला. त्याने मुंडावळ्यांकडे पाहिलं, समईकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"लग्न," श्रीपाद म्हणाला. "नवरी विमानात आहे."

"इथे लग्न लावता येत नाही."

"लागलेलं आहे हो," भास्करने श्टान्डेसआम्टचा दाखला पुढे केला. जर्मनीत कुठेही जाताना सगळे कागद बरोबर ठेवायचे, हे इथे आल्यावर प्रत्येकजण शिकला होता. अधिकाऱ्याने दाखला नीट वाचला, शिक्का उजेडात धरून पाहिला आणि परत दिला. कागदोपत्री लग्न झालेली माणसं पुन्हा गाणी म्हणणार असतील, तर त्याला विरोध करणारं कलम त्याला सापडेना.

दोन एकोणीसला काचेपलीकडे विमान धावपट्टीला टेकलं. यान्सेनचा आकडा बरोबर होता.

दोन बावीसला ते अजून लांबवर वळत होतं. श्रीपाद घड्याळाकडे बघत होता. सेकंदकाटा बाराशी आला, पुढे गेला. पाठीमागे सगळे मूठभर तांदूळ घेऊन उभे होते. भास्करने हळूच विचारलं, "सुरू करू का?" श्रीपादने नकारार्थी मान हलवली. नवरीच नाही तर कुणावर टाकायच्या? वाईला आत्ता पडल्या असतील, त्याच्या मनात आलं. फोटोवर. आणि इथे आपण काचेला नाक लावून उभे आहोत. इतक्या वर्षांत हजारो माणसांच्या वेळा त्याने सांभाळल्या होत्या, आणि ज्या एका माणसाला शब्द दिला, त्याचीच वेळ हुकली. त्याला रडू येत होतं, आणि ते लपवायला त्याने चष्मा पुसायला काढला.

दोन तीसला विमानाचं दार उघडलं. आधी उतरल्या त्या भजनी मंडळातल्या बायका, एकसारख्या निळ्या झग्यांतल्या, दोन्ही बाजूंना रांग करून उभ्या राहिल्या, आणि मधून मालिनी आली, शालू नेसलेली. उशीर होणार हे वैमानिकाकडून कळल्यावर विमानातच नेसली होती. हलत्या विमानात, खुर्च्यांमधल्या बोळात, चाळीस बायकांनी तिला धरून ठेवलं होतं, एकीने निऱ्या, एकीने पदर, एकीने तोंडात टाचण्या. मंडळाच्या प्रमुख बाई, सहा फूट उंच, शालूचा काठ फरशीला लागू नये म्हणून वाकून चालत होत्या.

मालिनी कठड्याशी आली. सुधीर अलीकडे, ती पलीकडे. अधिकाऱ्याने हात पुढे केला. "पासपोर्ट."

"एक क्षण थांबता येईल?" श्रीपादने विचारलं. "शिक्का मारण्याआधी. तेवढंच."

अधिकाऱ्याने एकदा नवरीकडे पाहिलं, एकदा त्या उंच बाईंकडे. मग त्याने टोपी सारखी केली आणि विचारलं, "तो कपडा कुणी धरायचा आहे का?"

अशा रीतीने कठड्याच्या वर फ्राऊ हार्म्सचा टेबलक्लॉथ ताणला गेला, एक टोक सरकारच्या हातात, दुसरं पाइप तोंडात धरलेल्या यान्सेनच्या. कुंकवाचं कमळ मधोमध. नवरा जर्मनीत, नवरी अजून जर्मनीबाहेर. भास्करने मंगलाष्टकं सुरू केली. दुसऱ्या कडव्याला त्या चाळीस बायकांना चाल कळली, आणि शब्द नाहीत म्हणून नुसता सूर धरून त्या मागे उभ्या राहिल्या. दालनातले हमाल टोप्या काढून थांबले. भास्करने आयुष्यात इतकं सुरात कधी म्हटलं नव्हतं आणि पुढेही कधी म्हटलं नाही.

शेवटचं "सावधान" झालं, टेबलक्लॉथ खाली आला आणि अक्षता उडाल्या. मालिनीच्या केसांत, सुधीरच्या मुंडावळ्यांत, अधिकाऱ्याच्या टोपीवर. त्याने मग शिस्तीत पासपोर्ट उघडला, शिक्का मारला आणि बंद केला. दोन दाणे पानांत तसेच राहिले.

बुटरकूखन कापला जात असताना मालिनी श्रीपादजवळ आली. वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "दादा, अक्षता पडल्या तेव्हा किती वाजले होते?"

एक वेळ श्रीपाद विमानात बसला असता, पण वेळ खोटी सांगू शकला नसता. "दोन एकोणचाळीस."

तिने मनात हिशेब केला. "म्हणजे तिकडे सात नऊ. बाबा आत जाऊन पडले असतील." ती हसली, पण डोळे भरले. "असू दे हं. तुम्ही किती धावपळ केलीत."

तिने असं म्हटल्यामुळे श्रीपादला आणखीच वाईट वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याने दिनकररावांना पत्र लिहिलं. जायचा वेळ धरला, यायचा धरला नाही, चूक सर्वस्वी माझी, सतरा मिनिटं उशीर झाला, क्षमा मागायला तोंड नाही. पत्र पेटीत टाकलं आणि त्यानंतर बारा दिवस या माणसाने कुणालाही आपणहून एकही अंतर सांगितलं नाही. शेवटी यान्सेननीच विचारलं, "आठल्ये, कोपनहेगन?" तर तो म्हणाला, "पुस्तकात पाहा." यान्सेननी घाबरून त्याला कॉफी करून दिली.

तेराव्या दिवशी वाईहून जाड पाकीट आलं. वर तारीख अठ्ठावीस मे. म्हणजे श्रीपादची कबुली वाईला पोचायच्या आत, लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी, दिनकररावांनी ते टाकलं होतं. दोन्ही पत्रं वाटेत कुठेतरी एकमेकांशेजारून गेली असणार. संध्याकाळी फ्राऊ हार्म्सच्या बागेत सुधीर-मालिनीसमोर श्रीपादने ते उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागला. वाचणं ही शिक्षा होती, आणि ती चारचौघांत भोगायची असं त्याने ठरवलं होतं.

"चि. श्रीपाद यास अनेक आशीर्वाद. तुमचे पत्र मिळाले होते. मिनिटाचाही फरक पडणार नाही असे लिहिलेत, ते वाचून बरे वाटले आणि थोडी काळजीही वाटली. मी चाळीस वर्षे पोस्टात काढली. टपाल निघायची वेळ मी छातीठोक सांगत असे, पोचायची कधी सांगितली नाही. वाटेत घाट असतो, नदी असते, बैल बसतो. तुमच्या वाटेत काय असते ते मला ठाऊक नाही, पण काहीतरी असणारच.

"म्हणून आम्ही असे केले. सहा चाळीसलाच ओट्यावर खुर्ची मांडली आणि पावणेसातला पहिली चिमूट टाकली. सहा बावन्नला गुरुजींनी मंगलाष्टके म्हटली, सर्वांनी अक्षता टाकल्या, पेढे वाटले. लोक उठू लागले. मी म्हटले, तुम्ही जा, मी बसतो. दर मिनिटाला एक चिमूट टाकत राहिलो. मालूची आई सरला घड्याळ धरून शेजारी बसली होती. सात वाजता अक्षता संपल्या, तेव्हा तिने डब्यातले तांदूळ आणले, कुंकू लावायला वेळ नव्हता म्हणून तसेच टाकले. पावणेसात ते पावणेआठ, पुरी साठ मिनिटे. मागे पुढे दोन्हीकडे भरपूर टाकल्या आहेत, कारण विमान लवकर आले तर काय घ्या. फोटो दिसेनासा झाला तेव्हा थांबलो. मालूच्या डोक्यावर नेमक्या कोणत्या चिमटीला पडल्या ते कळवा. कोणतीही असो, मी तेव्हा टाकतच होतो."

श्रीपादला पुढचं वाचता येईना. पत्र त्याने वसुधेच्या हातात दिलं आणि या खेपेला चष्मा पुसायचं सोंगही केलं नाही, सरळ रडला. मालिनी आत पळाली. परत आली ती पासपोर्ट घेऊन. शिक्क्याचं पान उघडलं, तर दोन दाणे तिथेच होते, एकावर शाईचा निळा डाग. तो तिने चिमटीत धरून उजेडात पाहिला, मग लिफाफ्यात ठेवला आणि आतल्या कागदावर एवढंच लिहिलं, "बाबा, सात नऊची."

त्या उन्हाळ्यापासून श्रीपादच्या आराखड्यांत एक नवा रकाना आला. जायचा वेळ, यायचा वेळ, आणि त्याच्या पुढे मराठीत, शाईने, "अक्षता". त्यात तो कधी दहा मिनिटं लिही, कधी पंधरा, हिवाळ्यात वीस. काही वर्षांनी यान्सेन निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या जागी आलेल्या नव्या माणसाला श्रीपादने हेलसिंकीचा आराखडा करायला सांगितला. नव्या माणसाने दोन्ही रकाने वाऱ्यासकट अचूक भरले आणि कागद पुढे केला.

श्रीपादने तो पाहिला आणि परत दिला. "गेनाऊ, अगदी बरोबर. आणि अक्षता?"

"त्या कशासाठी?"

"कुणीतरी ओट्यावर बसलेलं असतं," श्रीपाद म्हणाला. "पंधरा लिही."